नाल्यापलीकडचा चहा

“टोकंच जुळत नसतील, तर मी करायचं तरी काय, भन्ते?”

उत्पलाला हे ओरडून विचारावं लागलं. मध्ये नाला होता.

पलीकडे विहाराच्या ओट्यावर भन्ते धम्मसार धुतलेलं चीवर दोरीवर टाकत होते. त्यांनी कानामागे हात धरला.

“काय जुळत नाही?”

“टोकं! रस्त्यांची टोकं!”

“मोठ्यानं बोल. इथे डासांचा आवाज माणसांपेक्षा जास्त आहे.”

उत्पलाने डोळे मिटले. उघडले.

ती महापालिकेच्या वाहतूक कक्षात नकाशांचं काम करायची. शाळेत असताना, स्टेशनजवळच्या जुन्या विहारात, याच भन्तेंनी तिला भूमिती शिकवली होती. आता ते इकडे मैत्रीनगरात राहायला आले होते, आणि ती पहिल्यांदाच इथे आली होती.

आली होती म्हणजे... जवळजवळ.

फोनवर पत्ता टाकला होता. फोन सांगेल तशी स्कूटर चालवली होती. महापालिकेच्या दवाखान्यामागची एक गल्ली लागली. गल्ली सरळ होती, फरशा नव्या होत्या, आणि मग गल्ली संपली.

पुढे गुडघाभर कठडा. खाली काळं पाणी, त्यावर जलपर्णी.

समोरच्या काठावर तेवढ्याच रुंदीची, तसल्याच फरशांची गल्ली पुन्हा सुरू होत होती. तिच्या तोंडाशीच विहार.

“सरळ पुढे जा,” खिशातला फोन म्हणाला.

उत्पला दचकली. इतकी, की हेल्मेट हातातून सुटलं आणि कठड्यावर आपटून पायाशी पडलं.

“कोण बोललं?” भन्तेंनी विचारलं.

“कुणी नाही. फोन आहे. रेंज गेली असेल.”

“मग ये इकडे. बस. घाम पूस. मग बोल.”

“येते. पण आधी ऐका. नाहीतर माझं डोकं फुटेल.”

भन्तेंनी चिमटा हातात धरला होता. तो दोरीला लावला.

“बोल.”

...

“शहराचे तीन नकाशे आहेत, भन्ते. एक महापालिकेचा, एक बांधकाम खात्याचा, एक बससेवेचा. तिघांनी एकच शहर काढलंय, आणि तिघांची शहरं वेगळी आहेत.”

“बरं.”

“बांधकामवाल्यांसाठी चौक म्हणजे एक ठिपका. महापालिकेसाठी चौक म्हणजे चार रस्ते आणि मधलं गोल उद्यान. बसवाल्यांचा थांबा म्हणाल तर एका मिठाईच्या दुकानाच्या आत आहे.”

“सोय आहे.”

“हसू नका हो! मला ते सगळं एका साच्यात बसवायचंय. म्हणजे मग संगणकाला विचारता येतं. इथली माणसं तिथे किती वेळात पोचतात, गर्दी कुठे होईल, बस कुठून न्यावी, पूल कुठे हवा. पण त्यासाठी रस्ता सलग लागतो. एका खात्याचा रस्ता संपला की तिथेच दुसऱ्याचा सुरू व्हायला हवा ना? नाही होत! मध्ये फट राहते. कुठे वीतभर. कुठे खोलीएवढी. आणि फट दिसली की संगणक म्हणतो, इथून पुढे वाट नाही.”

“खरं बोलतो मग.”

“कुठे खरं!” उत्पलाचा आवाज चिरकला. “फट कागदावर असते. जमिनीवर रस्ता धडधाकट असतो. रेघ ओढणाऱ्यानं कंटाळून हात उचललेला असतो, बाकी काही नाही.”

“मग तू काय केलंस?”

तिने मान वर केली. हे विचारावं म्हणूनच जणू ती आली होती.

“नियम केला. दोन टोकांमध्ये एका बसच्या लांबीपेक्षा कमी अंतर असेल, तर ती टोकं एकच समजायची. संगणक आपोआप जोडतो. सगळे ओरडले. मी ऐकलं नाही. आज अख्ख्या शहराचा एकच नकाशा आहे, भन्ते. एक फट दाखवा त्यात.”

भन्तेंनी दोरीवरचं चीवर सारखं केलं.

“सरळ पुढे जा,” फोन म्हणाला.

उत्पलाने तो खिशातून काढून त्याचा आवाज कमी केला. रागारागाने केला, त्यामुळे आधी वाढला.

“छान काम केलंस,” भन्ते म्हणाले.

“छान काय! मला झोप लागत नाही. बससेवेचे तळपदे साहेब आहेत, ते सही करत नाहीत. म्हणतात, मॅडम, प्रत्येक फट जाऊन बघितली का? प्रत्येक! हजारो आहेत. कोण जाणार? पावसात, उन्हात, गल्लीबोळांतून कुत्री चुकवत? मला त्या माणसाचा इतका राग येतो... जेवताना येतो, अंघोळ करताना येतो. सोमवारी आयुक्तांपुढे बैठक आहे आणि मी घरात आईवर खेकसतेय.”

ती थांबली. श्वास घेतला.

“राग कसा घालवायचा, एवढं सांगा. म्हणून आले.”

भन्तेंनी ओट्यावर बैठक मारली.

“चहा घेशील?”

“भन्ते, मी काय विचारतेय!”

“सुंदराबाई,” भन्तेंनी बाजूच्या घराकडे तोंड करून हाक मारली, “एक चहा टाका. पाहुणी आलीय.”

...

सुंदराबाई पदराला हात पुसत दारात आल्या. इकडे तिकडे बघितलं.

“कुठाय पाहुणी?”

भन्तेंनी हनुवटीने नाला दाखवला.

“तिकडं? तिकडं काय करतीया ती?”

“बोलतेय.”

“लांबनं?”

“माझी विद्यार्थिनी आहे. महापालिकेत असते.”

“महापालिकेत!” सुंदराबाईंचा हात कमरेवर गेला. “अगं ए पोरी! आमच्या पुलाचं काय केलंस?”

उत्पला एक पाऊल मागे सरली. उगाचच. मध्ये एवढं पाणी होतं.

“मी? कुठल्या पुलाचं?”

“ह्या! ह्या नाल्यावरच्या! मोजून गेले, खुणा करून गेले, नारळ तेवढा फोडायचा राहिला होता. अन् परवा माणूस येऊन सांगतो, रद्द. कॉम्प्युटर म्हणतोय मैत्रीनगरच्या लोकांना गरजच न्हाई. गाडीत बसले की चुटकीसरशी दवाखान्यात, म्हणे.” त्यांनी चुटकी वाजवली. “त्या कॉम्प्युटरला म्हणावं, ये बाबा एकदा. माझ्या सुनंला ने चुटकीसरशी. नववा लागलाय तिला.”

सून त्यांच्या मागेच उंबऱ्यात बसली होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात अर्धवट निवडलेली मेथी.

“ताई, तुमचं बोलणं इथवर ऐकू आलं. तुमच्या सोमवारच्या बैठकीपर्यंत मी थांबते हो,” ती म्हणाली. “आतल्याचं मात्र सांगता येत नाही.”

“गप बस, करुणा. अभद्र बोलू नको.” सुंदराबाईंनी नाल्यापलीकडे, उत्पलाच्या डोक्यावरून बोट दाखवलं. “ती वरची खिडकी बघ. तिथली नर्स मला वळखती. मी हात केला की तीबी हात करती. पण पोचायचं म्हटलं तर? आधी बाजार, मग रेल्वेचं फाटक, मग स्टँड, मग पुन्हा ह्या अंगाला. अन् फाटक लागलं तर बस तिथंच, आत कोण ओरडतंय का रडतंय, त्येला काय पडलंय!”

उत्पलाने मागे वळून बघितलं. भिंतीवर ‘प्रसूती विभाग’ अशी पाटी होती. मोठी अक्षरं. समोरच्या काठावरून सहज वाचता येतील अशी.

“मावशी,” ती म्हणाली, “पुलांचं खातं वेगळं असतं. पण सोमवारच्या बैठकीला ते लोक असतील. मी नक्की बोलते.”

“काय बोलशील?” हे भन्तेंनी विचारलं.

“की परत एकदा बघा.”

“कशात बघतील?”

“कशात म्हणजे... नकाशात. सही व्हायच्या आधीच वापरायला घेतलाय त्यांनी.”

“कुणाच्या?”

सुंदराबाईंच्या घरातून कुकरची शिट्टी झाली आणि ती पुन्हा दचकली.

“आमच्याच,” ती म्हणाली.

...

चहा आला. कपबशीत. सुंदराबाईंनी तो भन्तेंच्या हातात दिला. दुपारनंतर ते स्वतः काही घेत नसत, हे त्यांना माहीत होतं.

भन्ते उठले. नाल्याच्या कठड्यापर्यंत आले. कप उचलला आणि हात लांब केला. पाण्यावर.

“घे.”

उत्पलाला वाटलं, गंमत आहे. ती थोडंसं हसली.

भन्ते हसले नाहीत. हात तसाच.

“घे ना.”

“भन्ते... कसा घेऊ?”

“का?”

“मध्ये नाला आहे!”

“कुठे?”

“कुठे काय! हा काय! दिसत नाही तुम्हाला?”

भन्तेंनी खाली बघितलं. जलपर्णीकडे, पाण्यात अडकलेल्या चपलेकडे, सावकाश, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. मग वर बघितलं. चहाची वाफ त्यांच्या हातावरून सरकत होती.

“किती रुंद असेल गं?”

“असेल की... एखाद्या...”

उत्पला थांबली.

एखाद्या बसएवढा. बसपेक्षा थोडा कमीच.

तिने फोन वर धरला. तो ज्या नकाशावर चालत होता, तो नकाशा तिचाच होता. कार्यालयाने चाचणीसाठी सगळ्यांच्या फोनमध्ये टाकलेला. गल्ली पडद्यावर अखंड दिसत होती. दवाखान्यामागून निघून, नाल्यावरून, विहाराच्या दारापर्यंत. हिरवी, गुळगुळीत. तिचा निळा ठिपका त्या रेघेवर उभा होता आणि पुढे बाण दाखवत होता.

इकडे महापालिकेच्या गल्लीचं टोक. तिकडे बांधकाम खात्याच्या गल्लीचं टोक.

मध्ये फट.

कुणी हात उचलला नव्हता. कुणी कंटाळलं नव्हतं.

“अगं बाई...” उत्पला म्हणाली.

“सरळ पुढे जा,” फोन बारीक आवाजात म्हणाला.

...

“एक चुकली,” ती घाईघाईने म्हणाली. “एकच. आत्ता दुरुस्त करते. लॅपटॉप आहे माझ्याजवळ.”

“एकच?”

उत्पला पिशवीची चेन ओढायला लागली.

“विचारतोय.”

“ते... ते असं कसं सांगता येईल? स्क्रीनवर सगळ्या फटी सारख्याच दिसतात.”

“हं.”

“म्हणजे बाकीच्यांत कुठे भिंत असेल, कुठे रूळ असतील, कुठे काहीच नसेल. बहुतेक ठिकाणी काहीच नसणार! बहुतेक ठिकाणी नियम बरोबरच आहे, भन्ते.”

“मी चूक म्हटलं का?”

“मग काढून टाकू का नियम? काढला तर सगळं शहर सुटं होतं. पुन्हा पहिल्यासारखं, तुकडे तुकडे. सोमवारी आयुक्तांना काय दाखवू? पाटी कोरी? आणि तळपदे साहेब समोर बसलेले असणार. हाताची घडी घालून!”

“काढ म्हटलं का मी?”

“मग काय करू? तुम्ही सरळ एक काहीतरी सांगा ना!”

“चहा घे.”

“कसा घेऊ!” ती किंचाळली. दवाखान्याच्या वरच्या खिडकीतून नर्सने डोकं बाहेर काढलं. “कसा घेऊ मी तो चहा? उडी मारू?”

भन्तेंनी हात खाली आणला. दुखला असावा, दुसऱ्या हाताने दाबला. बशी चहावर झाकली. ओट्याखालच्या चपला पायाने ओढून घेतल्या.

आणि निघाले. नाल्याकडे पाठ करून, बाजाराच्या दिशेने.

“भन्ते! कुठे निघालात?”

ते थांबले नाहीत.

“भन्ते, नको! मी येते फिरून! स्कूटर आहे माझ्याजवळ!”

ते वळणावर दिसेनासे झाले. भगवं टोक तेवढं क्षणभर दिसलं, मग तेही गेलं.

“घे,” सुंदराबाई म्हणाल्या. “आता कुठं गाठशील? तू एका बाजूनं गेलीस अन् ते गल्लीबोळातनं दुसऱ्या बाजूनं आले, तर बसा दिवसभर एकमेकांना हुडकत. थांब तिथंच.”

“पण त्यांचे गुडघे...”

“आता आठवले व्हय गुडघे? माझी नणंद बी अशीच. आधी माणसाला चालायला लावायचं अन् मग तेल घेऊन बसायचं.”

...

उत्पला थांबली.

स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला. उन्हाने काही दिसेना. ओढणी डोक्यावरून स्क्रीनवर ताणून, तंबूत शिरावं तशी ती आत शिरली.

मैत्रीनगर सापडलं. नाला सापडला. निळा, बारीक, आणि त्यावरून जाणारी तिची रेघ. रेघ मोठी केली. अजून मोठी केली. जिथे दोन टोकं जोडली होती, तिथे एक छोटा ठिपका होता, बरोबर पाण्याच्या मधोमध.

ठिपक्यावर बाण नेला. ‘जोड तोडा?’ असा प्रश्न आला. खाली बारीक अक्षरांत इशारा होता. जोड तोडल्यास नकाशाची स्थिती ‘पूर्ण’वरून ‘अपूर्ण’ होईल.

तिचं बोट कळीवर होतं.

तिने नकाशा थोडा सरकवला. फक्त बघायला. शेजारच्या वस्तीत तसाच एक ठिपका. तिथे काय असेल? भिंत? पायऱ्या? की नुसताच रस्ता, खड्डे असलेला, पण रस्ता? पुढे अजून एक ठिपका. कापड बाजारात चार-पाच, एकमेकांना चिकटून. सगळे सारखे. गोल, शहाण्यासारखे, गप्प.

लांबून घंटा वाजायला लागली.

“लागलं फाटक,” पलीकडून सुंदराबाई म्हणाल्या. सरळ आवाजात म्हणाल्या, जशी रोज म्हणत असतील.

मालगाडी होती. संपता संपत नव्हती. उत्पला ओढणीतून बाहेर आली आणि नुसतीच ऐकत राहिली.

करुणा उंबऱ्यातून उठली. भिंतीला धरून. उभी राहिली, जराशी थांबली, ओठ दाबले.

“काय गं?” सुंदराबाई.

“काही नाही. पाय आखडला.”

“नक्की?”

“नक्की, आत्या.”

पण सुंदराबाईंनी तिच्याकडे बघायचं सोडलं नाही. उत्पलानेही नाही. वरच्या खिडकीतली नर्सही, का कोण जाणे, तिथेच उभी होती. तिघी बघत होत्या. त्यांतल्या दोघी नाल्याच्या ज्या बाजूला असून उपयोग नाही, त्या बाजूला होत्या.

करुणा पुन्हा बसली. मेथी उचलली.

मालगाडी अजून जातच होती.

...

भन्ते आले ते दवाखान्याच्या कोपऱ्यावरून. हळू. चीवराचा काठ चिखलाने भरलेला, डोक्यावर घाम. दोन्ही हातांत कप धरलेला, बशी तशीच झाकलेली.

उत्पला धावली. पाया पडायला वाकली, तर त्यांनी कपच पुढे केला, त्यामुळे तिला अर्धवट वाकूनच तो घ्यावा लागला.

“भन्ते, माझ्यामुळे तुम्हाला उगाच...”

“सांडला थोडा. फाटकापाशी धक्का लागला.”

“इथे बसा. कठड्यावर. पाणी देऊ?”

“नको.”

ते बसले. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेऊ लागले. समोर नाल्यापलीकडे त्यांचाच ओटा होता, त्यांचंच चीवर दोरीवर हलत होतं. सुंदराबाईंनी तिकडून हात केला. भन्तेंनी इकडून केला.

“भन्ते,” उत्पला हळूच म्हणाली. ओरडायची आता गरज नव्हती. “ही जोड तोडली की नकाशा अपूर्ण दिसणार. मग सगळेच ठिपके उघडावे लागतील. प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवावा लागेल. मला स्वतःला जावं लागेल. महिने जातील. तळपदे साहेब हसतील. आयुक्त म्हणतील, झालं होतं ना काम? मग मोडलं कशाला?”

भन्तेंनी चीवराच्या काठावरचा चिखल झटकला.

“आणि नाही तोडली, तर...” तिने पलीकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

“सोमवारी काय सांगू मी?”

“चहा पी.”

“तुम्ही पुन्हा तेच! मी इतकं काकुळतीला येऊन विचारतेय आणि तुम्ही...”

“एवढ्या लांबून आणलाय,” भन्ते म्हणाले. त्यांचाही आवाज आता चढला होता. “पी आधी.”

उत्पलाने बशी काढली. वर साय धरली होती, सुरकुतलेली. अर्धा कप उरला होता. तिने एक घोट घेतला.

“गार झालाय, भन्ते.”

भन्ते वाकले. स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप अजून उघडा होता. त्यांनी ओढणी जरा बाजूला केली, डोळे बारीक केले, आणि पाण्यावरून जाणाऱ्या त्या हिरव्या रेघेकडे बघत राहिले.

“तुझ्या नकाशात अजून वाफ निघतेय त्याच्यातून.”